मालकाला ॲक्सेसिबिलिटी कशी पटवायची? फायदा सांगून की माणुसकी सांगून?

टेस्टट्यूब:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, ॲक्सेसिबिलिटीबद्दल, म्हणजे ॲप-वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता येण्याबद्दल. आम्ही पुण्यात पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे सँपलची नोंद, बारकोड, बिलिंग आणि पेशंटला रिपोर्ट बघायला एक वेबसाइट आणि ॲप. टीम छोटी आहे. मालक पूर्वी स्वतः कोड लिहायचे त्यामुळे त्यांना काही सांगायला जावं तर आधी व्हिज्युअल बेसिकच्या जमान्यातल्या गोष्टी ऐकाव्या लागतात, पण माणूस चांगला आहे, पगार वेळेवर होतो.

तर झालं असं की आमच्या एका क्लायंट लॅबला एका पेशंटची मेल आली. त्यांना दिसत नाही, फोन टॉकबॅकवर वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरवर. ओटीपी टाकून आत येईपर्यंत कसंबसं जमलं, पण पुढे रिपोर्टच्या यादीत प्रत्येक ओळीला तीन आयकॉन आहेत, बघा, डाउनलोड आणि शेअर, आणि फोन तिन्ही ठिकाणी नुसतं "बटन, बटन, बटन" म्हणतो. त्यांनी अंदाजाने एक दाबलं तर शेअर उघडलं आणि रिपोर्ट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता जाता राहिला. मेल अगदी सभ्य होती, उलट कुठल्या स्क्रीनवर नेमकं काय होतं ते आमच्या बग रिपोर्टपेक्षा व्यवस्थित लिहिलेलं.

मी म्हटलं, नुसती ही तीन बटनं नको, सगळं ॲपच एकदा तपासून घेऊ. मालक म्हणाले, एका माणसासाठी दोन महिने? बटनं दुरुस्त कर आणि पुढच्या कामाला लाग. मग मी आकडे काढले, २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, त्यातले महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर. त्यावर ते म्हणाले, यातले आपल्या लॅबमधे किती येतात ते सांग. आता ते मी कुठून सांगणार? ॲनालिटिक्समधे स्क्रीन रीडर कोण वापरतंय ते दिसत नाही, आणि ज्याला ॲप वापरताच आलं नाही तो तर मोजणीत येतच नाही.

मग माणुसकीचा मुद्दा काढला. तो लगेच पटला हो, मान हलवली, खरंय म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की बघू म्हणाले.

म्हणजे फायद्याचं बोललं तर आकडा कमी पडतो आणि नीतीचं बोललं तर तारीख पुढे जाते. इथे घोडं अडलंय. कोणी हे मालकाच्या गळी उतरवलंय का, आणि नक्की काय बोललात?

निशिगंधा_टेस्टर:

जनगणनेचा आकडा घेऊन मालकाकडे जाऊच नये हे माझं स्पष्ट मत. आकडा सगळ्या देशाचा आणि मालक विचारतोय माझ्या गिऱ्हाइकांचं बोल, आणि त्याचं बरोबरच आहे की. तुम्ही लॅबचं सॉफ्टवेअर करता ना, मग लॅबमधे कोण येतं ते बघा. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) करायला येणारे मधुमेहाचे पेशंट. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मधे आलेल्या पाहणीत देशात १० कोटींच्या वर मधुमेही निघाले. मधुमेह डोळ्याच्या पडद्यावर जातो, मोतीबिंदू लवकर होतो, काहींच्या बोटांच्या संवेदना कमी होतात. ही माणसं स्वतःला दिव्यांग वगैरे म्हणत नाहीत आणि जनगणनेत पण त्या रकान्यात नसतील, ती फक्त सुनेकडे फोन देतात आणि म्हणतात यातलं काही दिसत नाही गं, तूच बघ. म्हणजे तुमचा धंदा ज्यांच्यावर चालतो त्यांचेच डोळे अधू होणार आहेत, तिथे २.२१ टक्क्यांचा हिशोब कशाला करत बसायचा?

आता प्रयोग सांगते. फोनच्या सेटिंगमधे फॉन्ट सगळ्यात मोठा करा आणि तुमचं ॲप उघडा. माझा अंदाज, रिपोर्टचं नाव तीन टिंबांत संपेल आणि डाउनलोडचं बटन स्क्रीनच्या बाहेर जाईल. मालक पन्नाशीच्या पुढचे असतील (व्हिज्युअल बेसिक म्हणालात म्हणून) तर त्यांच्या फोनवर फॉन्ट आधीच मोठा असायची शक्यता आहे, त्यांच्याच हातात द्या :)

दुसरं, रिपोर्टमधे नॉर्मलच्या बाहेरचा आकडा कसा दाखवता? नुसता लाल करत असाल तर रंगांधळ्या माणसाला काळा आणि लाल सारखाच वाटू शकतो, आणि स्क्रीन रीडर तर रंग आपणहून सांगतच नाही. ८.२ असं वाचून पुढे जातो. आकड्यापुढे "जास्त" किंवा "कमी" हा शब्द पाहिजे, त्याला कितीसा वेळ लागतो? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनर मंडळींना फार आवडतात पण डब्ल्यूसीएजीप्रमाणे (वेब ॲक्सेसिबिलिटीचे जागतिक निकष) साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा काँट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो, तो मोजायची फुकट साधनं आहेत, पाच मिनिटांत कळतं.

आणि दोन महिने हा आकडा कोणी काढला? वेबएम नावाची संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज तपासते, २०२५ मधे ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, पण गंमत म्हणजे सापडलेल्या चुकांपैकी ९६ टक्के सहाच प्रकारच्या: कमी काँट्रास्ट, चित्राला अल्ट टेक्स्ट म्हणजे शब्दांतलं वर्णन नाही, फॉर्मच्या रकान्याला लेबल नाही, रिकामी लिंक, रिकामं बटन, पानाची भाषा सांगितलेली नाही. तुमची तीन बटनं यातच आली. ॲपमधे आयकॉनवालं बटन हा एकच कॉमन कंपोनंट (सगळीकडे वापरलेला कोडचा एकच तुकडा) असेल तर लेबल सक्तीचं करा, नाही दिलं तर बिल्डच होऊ नये, म्हणजे जुनी सगळी ठिकाणं कंपायलरच शोधून देतो. ज्यांनी प्रत्येक स्क्रीनवर बटन वेगळं लिहिलंय त्यांनाच दोन महिने लागतात, आणि ते बिल ॲक्सेसिबिलिटीच्या नावावर फाडायचं नसतं, तो जुन्या आळसाचा खर्च आहे.

हिशोबनीस:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, शिव्या घाला हवं तर. इचलकरंजीत माझी छोटी फर्म आहे, सूत व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने हे मागितलं नाही. जीएसटीत काही बदललं की रात्रभर फोन, ई-वे बिल अडकलं की फोन, स्क्रीन रीडरसाठी एकही फोन नाही. धागाकर्त्याचे मालक वाईट नाहीत, एक तारखेला पगार कुठून काढायचा हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही, तो तुम्हाआम्हाला दिसत नाही इतकंच.

निशिगंधाताईंचा मधुमेहाचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो लॅबला लागू. सूत व्यापाऱ्याला काय सांगू? आणि कायदा कायदा म्हणतात सगळे, तर कुठल्या प्रायव्हेट सॉफ्टवेअरवाल्याच्या खिशाला त्याची चाट बसली ते दाखवा. शिवाय ते एक रेडीमेड विजेट मिळतं म्हणे, वेबसाइटवर एक ओळ टाकली की कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र येतं आणि सगळं आपोआप ॲक्सेसिबल. ते लावून मोकळं व्हावं की.

कलमबहाद्दर:

कायद्याचं मी सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्याचं कलम ४६ म्हणतं की सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम पाहिजे. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०१९ लाच संपली. कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, नंतर ५० हजार ते ५ लाख. आता हिशोबनीस म्हणतील एवढ्याच दंडाला कोण भितं, आणि खरंच, इतकी वर्षं कोणी भ्यालं नाही, कारण नियम १५ अशा भाषेत होता की मार्गदर्शक सूचना पाळल्या तर बरं.

ते नोव्हेंबर २०२४ मधे बदललं. राजीव रतुरी यांची याचिका २००५ पासूनची, ते स्वतः दृष्टिबाधित. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ कायदा सक्तीचा असताना नियम ऐच्छिक ठेवता येत नाही, नियम १५ चा तो भाग कायद्याशी विसंगत, सरकारने सक्तीचे निकष आणावेत.

त्यानंतर सुप्रीम कोर्टाचाच ३० एप्रिल २०२५ चा निकाल, तो सॉफ्टवेअरवाल्यांनी मुद्दाम वाचावा. ऑनलाइन केवायसीमधे कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात, माणूस जिवंत आहे हे कळायला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईच्या पापण्याच राहिल्या नसतील तर तिने काय मिचकावायचं? आणि ज्याला दिसत नाही त्याने चेहरा त्या गोलात कसा आणायचा? दोन याचिका एकत्र ऐकल्या, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि २० निर्देश दिले. तो मिचकावण्याचा नियम लिहिणाऱ्याच्या मनात कोणाचं वाईट करायचं नव्हतं, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त स्वतःसारखीच माणसं होती. त्याच वर्षी सेबीनेही आपल्या अखत्यारीतल्या सगळ्यांसाठी परिपत्रक काढलं, म्हणजे ब्रोकर, म्युच्युअल फंड सगळे आले.

तेव्हा हिशोबनीस, चाट दंडातून बसेल असं मी म्हणत नाही. चाट बसेल ती मोठ्या गिऱ्हाइकाकडून. बँक, ब्रोकर, सरकारी खातं, यांना स्वतःला ऑडिट द्यायचंय, ते तोच कागद तुमच्याकडे मागणार आणि नसेल तर दुसऱ्याला काम देणार. लॅबवाल्यांनी तर कुठल्याही सरकारी टेंडरचा विचार असेल तर आत्ताच जागं व्हावं. आपल्याकडे आयएस १७८०२ हे मानक आहे, पहिला भाग २०२१ चा, दुसरा २०२२ चा, टेंडरमधे हा नंबर दिसला तर घाबरू नका, आतला बराचसा भाग डब्ल्यूसीएजीच्या वळणाचाच आहे.

राईनकाठचा_पाटील:

विजेटबद्दल फक्त. ते लावू नका हो. अमेरिकेत ॲक्सेसिबी नावाची कंपनी हेच विकते, आमची एक ओळ टाका आणि साइट डब्ल्यूसीएजीप्रमाणे होईल असा दावा. २०२५ मधे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या दाव्यांना आधार नाही म्हणून १० लाख डॉलर भरायला लावले. बटनाला नावच नाही तर बाहेरून आलेलं स्क्रिप्ट तरी काय ठरवणार की हे डाउनलोड आहे का शेअर? भाकरी थापून तव्यावर टाकल्यावर पिठात मीठ घालायला निघाल्यासारखं आहे ते.

मी जर्मनीत असतो. इथे युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय, ऑनलाइन दुकानं, बँकिंग, ई-बुक, प्रवासाची तिकिटं वगैरेंना. सेवा देणाऱ्या अगदी छोट्या फर्मना, दहापेक्षा कमी माणसं आणि २० लाख युरोच्या आतला व्यवसाय, सूट आहे. आमच्याकडे आता भारतातल्या व्हेंडरला पहिल्याच कॉलमधे व्हीपॅट विचारतात (निवडणुकीतलं नव्हे, ॲक्सेसिबिलिटीचा अहवाल असतो) आणि समोर जी शांतता पसरते ती ऐकवत नाही. पुण्या-हिंजवडीकडे ज्यांची युरोपची कामं आहेत त्यांना हा थेट धंद्याचा विषय आहे.

कानसेन:

धागाकर्त्याला मेल करणारा मी नाही, पण असतो तर चाललं असतं, अशा मेल मी बऱ्याच लिहिल्यात. जन्मापासून दृष्टिहीन, बँकेत नोकरी, हे सगळं एनव्हीडीए या कॉम्प्युटरवरच्या स्क्रीन रीडरवर वाचतोय आणि लिहितोय.

हिशोबनीस, तुमचा राग नाही आला, तुम्ही निदान तोंडावर बोललात. धंद्याचंच बोलू. माझ्या घरी आई-वडील, बायको, दोन मुलं, सगळ्यांच्या टेस्ट मीच बुक करतो, लाइट बिल, गॅस, रेल्वेचं रिझर्व्हेशन पण मीच, कारण दिवसभर फोन माझ्या कानाला असतो आणि बाकीच्यांना कंटाळा. म्हणजे मी एक गिऱ्हाईक गेलो की अख्खं घर गेलं. घराजवळची लॅब सोडून लांबच्या लॅबकडे जातो, ते पैसे पण थोडे जास्त घेतात, पण त्यांचा रिपोर्ट मला वाचता येतो. आणि आमचे ग्रुप असतात, तिथे रोज हेच चाललेलं, अमुक ॲप अपडेट करू नका नवीन व्हर्जनमधे पेमेंटचं बटन बोलत नाही, तमुक वापरा सगळं बोलतं. चांगलं ॲप सापडलं की लोक धडाधड तिकडे जातात आणि वर्षानुवर्षं सोडत नाहीत कारण पुन्हा दुसरं चाचपत बसायची हौस कोणाला नाही. ही जाहिरात फुकट आहे. उलटी पण फुकटच आहे.

आता सूत व्यापाऱ्याचं. तुमचं सॉफ्टवेअर व्यापारी विकत घेतो पण चालवतो कोण, त्याच्या गादीवरचा कारकून. त्या जागेवर आमच्यातला एखादा बीकॉम झालेला मुलगा अर्ज करतो, टॅली शिकलेला असतो, हिशोबात पक्का असतो, आणि नोकरी जाते कुठे तर तुमच्या स्क्रीनवर टॅब की दाबून पुढच्या रकान्यात जाता येत नाही तिथे. तो तुम्हाला फोन कसा करेल? त्याला तर तुमचं नावही माहीत नाही. आणि कीबोर्डवरून सगळं चाललं तर डोळस कारकून पण दुप्पट वेगाने बिलं मारतो, जुन्या डॉसच्या प्रोग्रामवर बसलेल्या कुठल्याही मुनीमजींना विचारा.

धागाकर्त्यासाठी एक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक टेस्ट केली होती. कुठली ते सांगणार नाही, मुद्दाच तो आहे. रिपोर्ट आला पीडीएफमधे, पण आत अक्षरं नाहीत, छापलेल्या कागदाचा फोटो. एनव्हीडीए म्हणतं रिकामं पान. घरी कोणी नव्हतं, शेजारच्या कॉलेजच्या पोराला बोलावलं आणि वाचून घेतलं. तो वाचता वाचता मधेच थांबला, आणि मला कळलं की काहीतरी आहे. माझ्या शरीरातली गोष्ट माझ्या आधी त्याला कळली होती. पुढे सगळं ठीक झालं, पोरगाही गुणी, कुठे बोलला नाही. पण तुमच्या मालकांना विचारा, त्यांचा रिपोर्ट त्यांच्या आधी वॉचमनने वाचलेला चालेल का. याला टक्केवारी लागत नाही, एकाच माणसाचं झालं तरी तेवढंच झालं.

बाकी बारीकसारीक. ओटीपीला तीस सेकंद देऊ नका, मेसेज ऐकून परत ॲपमधे येईपर्यंत ते संपतात. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमधे टाइप करू नका, तुम्हाला "उपाशीपोटी यावे" दिसतं पण खाली खरी अक्षरं इंग्रजी असतात त्यामुळे मला नुसता कचरा ऐकू येतो, युनिकोडच वापरा. आणि पान मराठी असेल तर कोडमधे भाषा मराठी लिहा, नाहीतर इंग्लिश आवाज देवनागरी अक्षरं गाळत जातो. टेस्टिंगला खर्च येतो हे कारण पण नको, एनव्हीडीए फुकट आहे, एका ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन माणसाने २००६ मधे सुरू केलं ते याचसाठी की महागडं सॉफ्टवेअर सगळ्यांना परवडत नाही. टॉकबॅक तर बहुतेक अँड्रॉइड फोनमधे असतंच.

हिशोबनीस:

कानसेन, टॅबचा मुद्दा बसला. आमच्या जुन्या व्हर्जनमधे सगळं कीबोर्डवर होतं, वेबवर आणताना गेलं आणि तेव्हापासून गिऱ्हाइकं कुरकुरतायत की नवीन स्लो आहे, मी सर्व्हर वाढवत बसलोय. आता बाकीचं जमेल तसं बघू, हे मात्र करणार, आणि ते नीतीसाठी नाही तर त्या कुरकुरीसाठी, खोटं कशाला बोलू.

कानसेन:

चालेल. मला टॅब चालल्याशी मतलब.

टेस्टट्यूब:

सगळ्यांचे आभार. आज मालकांशी बोललो. टक्केवारी काढलीच नाही. निशिगंधाताई, त्यांच्या फोनवर फॉन्ट खरंच मोठा होता आणि आमच्याच ॲपमधे पेमेंटची रक्कम अर्धी कापली जात होती, ते म्हणाले मला वाटलं माझाच फोन जुना झाला. मग कानसेन यांचा रिपोर्टचा किस्सा नाव न घेता सांगितला, त्यावर काही बोलले नाहीत, पण दोन महिन्यांचा विषय पण काढला नाही. आधी दोन आठवडे मिळालेत, बटनं, फॉन्ट, जास्त-कमीचे शब्द आणि ओटीपीची वेळ. पीडीएफचं अवघड आहे कारण आमची लायब्ररी स्क्रीन रीडरला लागणारे टॅग देत नाही, तर सध्या पीडीएफसोबत तोच रिपोर्ट साध्या वेबपेजवर द्यायचं ठरलंय. ज्यांची मेल आली होती त्यांनाच टेस्टिंगला विचारायचंय, मालक म्हणाले त्यांना मानधन द्या, फुकट नको, हे मात्र मी सुचवलं नव्हतं.

एक अडलंय. ॲप फ्लटरमधे (ॲप बनवायचं फ्रेमवर्क) आहे, रिपोर्टच्या ओळीत टेस्टचं नाव, आकडा, एकक आणि नॉर्मल रेंज असे चार तुकडे आहेत आणि टॉकबॅक प्रत्येकावर वेगळा थांबतो, "११.२" ऐकू येईपर्यंत ते कशाचं होतं तेच विसरायला होतं. काय करू?

निशिगंधा_टेस्टर:

पूर्ण ओळ मर्जसिमँटिक्समधे (तुकडे एकत्र वाचायला लावणारा फ्लटरचा घटक) गुंडाळा म्हणजे एका दमात वाचेल, आणि वाक्याचा क्रम हाताने ठरवा: "हिमोग्लोबिन, ११.२, कमी, नॉर्मल १२ ते १५". आकड्यानंतर लगेच "कमी", रेंज शेवटी. एककाचं संक्षिप्त रूप आवाज भलतंच वाचतो, तिथे पूर्ण शब्द द्या. डाउनलोडचं बटन मात्र त्या ओळीत गुंडाळू नका, ते वेगळं राहू द्या. बाकी फ्लटरचं वेगळा धागा काढून विचारा, इथे हिशोबनीसांचं वेब राहिलंय अजून.